मॉरिशसचं बुकिंग करताय? हॉटेलचे फोटो बघण्याआधी महिना आणि वाऱ्याची दिशा बघा

इन्स्टाग्रामवर 'मॉरिशस' टाइप करा. निळाशार समुद्र, पाण्यावर बांधलेला झोका आणि ड्रोनमधून दिसणारा 'समुद्राखालचा धबधबा', या तीन गोष्टी पहिल्या काही रील्समध्येच येऊन जातात. आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, 'बजेट किती लागेल?'

बजेट महत्त्वाचं आहेच. चौघांचं कुटुंब विमानाने परदेशी बेटावर जाणार म्हटल्यावर खर्च लाखांत जातो आणि बऱ्याच घरांत ही ट्रिप दहा वर्षांतून एकदाच होते. पण आकडा कळला की लोक थेट हॉटेल निवडायला बसतात आणि मधले दोन प्रश्न राहून जातात. कोणत्या महिन्यात जायचं? आणि बेटाच्या कोणत्या बाजूला राहायचं? ही दोन उत्तरं चुकली, तर महागड्या हॉटेलच्या बाल्कनीत बसून पाऊस बघायची वेळ येते.

आपला डिसेंबर आणि तिथला डिसेंबर

मॉरिशस हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आहे. मुंबईपासून साधारण ४,७०० किलोमीटर. बेट विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे उन्हाळा आणि मे ते ऑक्टोबर हिवाळा. हिवाळा म्हणजे बर्फबिर्फ नाही, किनाऱ्यावर दिवसा हाफ पँटमध्ये फिरता येतं. पण संध्याकाळी हवेत गारवा असतो आणि पाणीही जरा थंड लागतं.

उन्हाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोरडं, कडक ऊन येतं. तिथे उलट आहे. पाऊस उन्हाळ्यातच जास्त पडतो आणि जानेवारी ते मार्च हे सगळ्यात ओले महिने. चक्रीवादळांचा हंगामही हाच, साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत.

आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, आणि मॉरिशस म्हणजे आपल्या हनिमून पॅकेजांचं जुनं, ठरलेलं नाव. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लग्न करून लगेच निघणारी जोडपी बरोबर वादळाच्या हंगामात तिथे उतरतात. त्यातही नाताळ आणि नवीन वर्षाच्या आसपास युरोपातले पर्यटक थंडीला कंटाळून तिथे येतात, त्यामुळे हॉटेलचे दर चढलेले असतात. म्हणजे पैसे जास्त आणि हवामानाची खात्री कमी.

याउलट शाळेच्या सुट्ट्या मॉरिशसशी मस्त जुळतात. मेच्या मध्यानंतर वादळाची भीती जवळपास संपते, पाऊस ओसरलेला असतो आणि समुद्र अजून उबदार असतो. दिवाळीची सुट्टी त्याहून चांगली. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात कोरडा महिना, नोव्हेंबरची सुरुवातही बरी. त्यामुळे लग्न जानेवारीत असेल तर माझं सरळ मत आहे, तेव्हा केरळ किंवा अंदमान करा आणि मॉरिशस मेच्या शेवटासाठी ठेवा.

वादळ आलं तर नेमकं काय होतं?

दरवर्षी बेटाला थेट तडाखा बसत नाही. पण वादळ शंभर-दोनशे किलोमीटरवरून गेलं तरी दोन-तीन दिवस पाऊस आणि वारा ठरलेला, आणि सहा दिवसांच्या ट्रिपमधले तीन दिवस म्हणजे अर्धी ट्रिप. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईमध्ये पूर आला, रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला.

तिथे वादळाच्या इशाऱ्याचे चार टप्पे आहेत. पहिला म्हणजे नजर ठेवा, दुसरा म्हणजे तयारी करा. तिसऱ्यापासून लोकांनी घरातच राहायचं असतं, ऑफिसं आणि बससेवा बंद होतात. चौथा म्हणजे जोरदार वारे प्रत्यक्ष पोहोचले आहेत. तिसरा टप्पा लागला की हॉटेलवाले तुम्हाला किनाऱ्यावर सोडत नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बांधकाम पक्कं असतं, सवय असते, त्यामुळे हॉटेलमध्ये तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित असता. अडकते ती परतीची फ्लाइट.

म्हणून उन्हाळ्यात जाणारच असाल तर प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळ तयार होऊन त्याला नाव मिळाल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत, कारण ती घटना तोपर्यंत 'माहीत असलेली' झालेली असते. पॉलिसीत फक्त हॉस्पिटलचा खर्च आहे की ट्रिप रद्द होणं, मध्येच तुटणं आणि विमानाला उशीर होणं हेही आहे, ते वाचून घ्या. आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसला हजर राहायचं वचन बॉसला देऊ नका.

६५ किलोमीटरच्या बेटावर बाजू कशाला बघायची?

मॉरिशस लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. म्हणजे आकाराने आपल्या एखाद्या जिल्ह्याहून लहान. पण मध्ये उंच पठार आहे आणि आग्नेयेकडून वर्षातला बराच काळ व्यापारी वारे वाहत असतात. हे वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात, पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिमेला उतरतात तेव्हा कोरडे झालेले असतात. सह्याद्रीसारखाच खेळ आहे, फक्त दिशा उलटी. महाबळेश्वर भिजतं आणि वाई कोरडी राहते, तसंच. मॉरिशसच्या पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर १,००० च्या आत.

हे वारे जुलै ते सप्टेंबरमध्ये सगळ्यात जोरात असतात. तेव्हा बेल मार, त्रू दो दूस या पूर्वेच्या किनाऱ्यांवर फोटोत दिसते तीच पांढरी वाळू असते, पण वाऱ्याने ती तोंडावर येते. हॉटेल खोटं बोललेलं नसतं, फोटो दुसऱ्या महिन्यातला असतो. या काळात पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेला त्रू ओ बिश, ग्राँ बे इथे राहा. डोंगर आडवा असल्यामुळे समुद्र शांत मिळतो. नैर्ऋत्येचं ले मॉर्नचं टोक मात्र याला अपवाद आहे. तिथे वारा वळसा घालून येतो, म्हणून तर जगभरातले काइटसर्फिंगवाले तिथे जमतात. उन्हाळ्यात गणित उलटतं. पश्चिम तापते आणि पूर्वेची झुळूक हवीहवीशी वाटते.

दुसरी गोष्ट प्रवाळाची. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत तलावासारखं उथळ, शांत पाणी राहतं, त्यालाच लगून म्हणतात. मुलं, आजी-आजोबा, पोहता न येणारे, सगळ्यांना तिथे उतरता येतं. पण दक्षिणेला ग्री ग्रीजवळ ही भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात. बघायला भारी, पाण्यात उतरायला अजिबात नाही. लगूनमध्येही प्रवाळातल्या फटींजवळ ओढ असते, त्यामुळे 'तिथे पाणी गडद निळं दिसतंय, जाऊ या' हा मोह टाळा. पाण्यात जायचे रबरी बूट मात्र न्याच. तळाशी काटेरी समुद्री साळी आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असू शकतो.

आणि किनाऱ्यावर हॉटेल नसेल तर? फारसं बिघडत नाही. भरतीच्या रेषेखालचा किनारा तिथे सार्वजनिक आहे. साधं गेस्टहाऊस घेऊन चांगल्या किनाऱ्यावर दिवस काढणं अगदी शक्य आहे, आणि बजेटमधला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

पॅकेजमधल्या 'नॉर्थ टूर' आणि 'साउथ टूर'चाही मुक्कामाच्या जागेशी संबंध आहे. साउथ टूरमध्ये क्युरपीपजवळचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव आणि शामारेलची सप्तरंगी माती असते. तुम्ही उत्तरेला राहत असाल तर हा पूर्ण दिवस बसमध्ये जातो. फ्लिक आँ फ्लाकला असाल तर टॅक्सी करून अर्ध्या दिवसात निवांत होतं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे भाड्याने घेऊन स्वतःही चालवता येते. फक्त जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, हे धरून निघा. पठारावर जाताना अंगात स्वेटर किंवा जाकीट असू द्या.

त्या 'समुद्राखालच्या धबधब्या'चं काय? तो धबधबा नाहीच. ले मॉर्नसमोर उथळ पाण्याचा तळ अचानक खोल उतरतो, वाळू आणि गाळ त्या उतारावरून सरकतो आणि वरून बघताना पाणी कोसळतंय असा भास होतो. हा भास फक्त उंचावरून होतो. किनाऱ्यावरून किंवा बोटीतून काहीही दिसत नाही. हेलिकॉप्टरची फेरी घ्यायची नसेल तर ही रील विसरून जा आणि पहाटे ले मॉर्नचा डोंगर चढा. पळून आलेले गुलाम या डोंगरावर लपून राहायचे. २००८ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

तिकीट, कागद, पैसे

मुंबईहून एअर मॉरिशसचं थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोहोचवतं. ते रोज असेलच असं नाही, त्यामुळे रजेच्या तारखा विमानावरून ठरवा. दुबईमार्गे तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण त्यात आधी तीन तास वायव्येला जायचं आणि मग साडेसहा तास दक्षिणेला. मधला थांबा धरून अख्खा दिवस जातो. लहान मुलं असतील तर मी थेटच घेईन. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं असतं, त्यामुळे जेटलॅगची चिंता नाही.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. जाण्याआधी एक डिजिटल फॉर्म भरायचा असतो, तो सरकारी संकेतस्थळावरच भरा. ई-सिगारेट बॅगेत टाकू नका, तिच्यावर तिथे बंदी आहे. झोपेच्या किंवा जोरकस वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. अमली पदार्थांबाबत तिथले कायदे फार कडक आहेत.

पैशांत एक गंमत आहे. त्यांचं चलनही रुपयाच आहे. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये. मेन्यूकार्डवर '४०० रुपये' वाचून खूश होण्याआधी दुप्पट करून बघा. कार्ड मशीनवर कोणत्या चलनात पैसे घ्यायचे असं विचारलं तर मॉरिशसचा रुपयाच निवडा. भारतीय रुपया निवडलात की मशीन आपल्या दराने बदल करतं आणि तो दर सहसा महाग पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालंय, पण प्रत्येक दुकानात चालेल असं धरू नका. जवळ थोडी रोकड ठेवा.

आणि परदेशी पॅकेज भारतातल्या कंपनीकडून घेतलंत तर किमतीवर टीसीएस लागतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, बुकिंगच्या दिवशी कितीचा आहे ते विचारा. हा खर्च नाही, तुमच्या पॅन क्रमांकावर आगाऊ जमा झालेला कर आहे. रिटर्न भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. रिटर्नच भरला नाही तर मात्र गेला.

खाण्याची काळजी शाकाहारी लोकांनीही करू नये. रस्त्यावर मिळणारी 'धोल पुरी' म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेल्या भारतीय मजुरांबरोबर ती तिथे पोहोचली. हे मजूर जिथे जहाजातून उतरायचे तो आप्रवासी घाट पोर्ट लुईमध्ये आजही आहे. १८३४ पासून सुरू झालेल्या या प्रवासात मुंबई बंदरातूनही लोक गेले आणि त्यांत कोकणातले बरेच होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून ओळखले जातात. तिथल्या शाळांमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. २०२५ मध्ये ती २८ ऑगस्टला होती, म्हणजे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. गणपतीत घर सोडून जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण जमत असेल तर तेव्हा तिथे हिवाळा असतो, पाऊस कमी आणि वारा जोरात. मुक्काम पश्चिमेला करा.