गहाण पडलेली रात्र

धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार या आपल्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादमाच्या वहीत तिची नोंद एकच. उचल फिटेपर्यंत या जोडीचे श्रम गहाण असतात. श्रमांबरोबर त्यांची रात्रही गहाण पडते, याची चर्चा मात्र आपण फारशी करीत नाही.

बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात जाते. दिवसभर तोड आणि मोळ्या. मग ट्रक रात्री अकराला आला तर अकराला भरायचा, दोनला आला तर दोनला.

शरीराला स्वतःचे घड्याळ असते. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहान पुंजका असतो. उजेड-अंधार पाहून तो साऱ्या शरीराची वेळ लावतो. पेशीतले हे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना 2017 साली नोबेल मिळाले. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही याच घड्याळाने चालतात. कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक या पेशींना लगाम घालते. ते सकाळी चढते, रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत उतरते. लगाम सैल झाला की नव्या जंतूची ओळख साठवण्याचे काम जोर धरते. लस घेतल्यानंतरच्या रात्री ज्यांना जागे ठेवले, त्यांच्या रक्तात रोगाविरुद्धची प्रतिपिंडे कमी तयार झाली, असे प्रयोगांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले.

‘वेळेवर झोपा’ हा पुस्तकी उपदेश ज्याची रात्र त्याच्या हाती आहे त्याच्यासाठी आहे. फडावरची बाई पुन्हा पुन्हा आजारी पडली की बोल लागतो तिच्या अज्ञानाला, नाहीतर नशिबाला. ट्रकाच्या वेळेला कोणी जाब विचारीत नाही.

1946 साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. तो कायदा साखर कारखान्याच्या फाटकाशी थांबला. फडात पोचला नाही. म्हणून आपल्या मागणीपत्रात दरवाढीच्या खाली आणखी एक ओळ हवी: भरणीची वेळ ठरवा, आणि रात्री भरणी झालीच तर दुसऱ्या दिवशीची तोड उशिरा सुरू करा.