श्वासनलिकेतला खो-खो

दोस्ता, तेलात मिरचीची फोडणी पडली की काय होतं? अख्ख्या घराला ठसका! पण हा ठसका कोण देतं? फुप्फुस? अंहं! नसा!

श्वासनलिकेच्या अस्तरात अगदी बारीक नसांची टोकं पसरलेली असतात. मिरचीतलं तिखट द्रव्य त्यांना लागलं, की मेंदूकडे निरोप जातो. खॉक्! हे द्रव्य ओळखणारा नसेवरचा भाग शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 साली शोधला. 2021 साली ज्युलियस यांना नोबेल मिळालं. ठसक्याचं कोडं थेट नोबेलपर्यंत पोचलं!

आता खरी गंमत ऐक. या नसांच्या शेजारीच आपलं रक्षण करणाऱ्या पेशी असतात. आणि दोघींचा चक्क खो-खो चालतो!

नाशिकमध्ये रस्त्याकडेला, बांधावर पांढऱ्या बारक्या फुलांचं गाजरगवत दिसतं ना? 1950च्या दशकात ते पुण्यात आढळलं, मग सगळीकडे फोफावलं. काहींना त्याच्या परागकणांची ॲलर्जी असते. कण आत गेला, की त्यांच्या मास्ट नावाच्या रक्षक पेशी हिस्टामिन नावाचं रसायन ओततात. ते नसेला डिवचतं. खो! चिडलेली नस आपलं रसायन सोडते, ते मास्ट पेशीला लागतं. खो! पेशी पुन्हा हिस्टामिन ओतते!

डिवचलेल्या नसेचा निरोप मेंदूमार्गे दुसऱ्या एका नसेला पोचतो, आणि ती श्वासनलिका आवळते. मग तिला थांबवायचं कुणी? पंच आहे ना! या आवळणाऱ्या नसेवरच एक खास जागा असते. नसेनं पुरेसं रसायन सोडलं, की ही जागा तिलाच सांगते, 'बास!'

पण दम्यात काय होतं, ओळख पाहू! इओसिनोफिल नावाच्या पेशी नसेभोवती गोळा होतात. त्यांच्यातलं एक प्रथिन पंचाच्या शिट्टीतच जाऊन बसतं! शिट्टी वाजेना, नस थांबेना, नळी आवळत जाते. छातीत घरघर!

इओसिनोफिल पेशी जर्मनीचे शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1879 साली ओळखल्या. इओसिन रंग दिला, की त्यांच्या पोटातले दाणे लालचुटुक दिसतात. इतकं सुंदर काहीतरी आपल्या रक्तात फिरतंय, याचं मला फार नवल वाटतं!

आणि दमा फक्त माणसालाच होतो का? नाशिकजवळच्या अंजनेरीच्या वाटेवरची माकडं आठव. ती आणि आपण एकाच प्राइमेट गटातले! कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे रीसस माकडांनाही दम्यासारखा त्रास होतो. त्यांची श्वासनलिका आपल्यासारखीच, म्हणून तिच्यात आपला दमा समजून घेता येतो.

तुझ्या वर्गात कुणी दम्याचा पंप ओढतं का? काही पंपांतलं औषध नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. नळी सैल पडते, आणि तुझा दोस्त पुन्हा मोकळा श्वास घेतो!