नियमाची भाषा : ‘ताबा’ आणि ‘वापर’

नियमाच्या भाषेतील लहानसा शब्दही घाईत वाचल्यास वाचकाला भुर्दंड पडू शकतो. ब्रिटनमध्ये राहावयास जाणाऱ्यांच्या घरसामानाविषयीचा नियम या दृष्टीने पाहू.

असे सामान सीमाशुल्क व मूल्यवर्धित कर न भरता नेता येते. मद्य आणि तंबाखूजन्य पदार्थ मात्र या सवलतीत येत नाहीत. अर्जदाराचे वास्तव्य सलग किमान १२ महिने ब्रिटनबाहेर असावे लागते आणि वस्तू किमान ६ महिने त्याच्या ‘ताब्यात आणि वापरात’ असावी लागते.

येथे ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय निर्णायक ठरते. रोज पोळ्या ठेवण्याचा पितळी डबा दोन्ही अटी पूर्ण करतो. मागच्या दिवाळीत घेतलेला, पण वर्षभर खोक्यातच राहिलेला मिक्सर ताब्यात असतो, वापरात नसतो. म्हणून तो सवलतीस पात्र ठरत नाही.

सामान पोहोचल्यावरही १२ महिने ते विकता, भाड्याने वा उसने देता येत नाही. दिल्यास कर भरावा लागू शकतो. आपल्याकडे शेजारधर्म मानली जाणारी ‘उसनवारी’ येथे विक्रीच्या पंक्तीत बसते.

सवलतीसाठी ‘टीओआर १’ हा अर्ज वस्तूंच्या यादीसह, सामान पोहोचण्यापूर्वीच करावा. यादीत ‘किरकोळ सामान’ असा मोघम शब्द न वापरता वस्तूचे नाव व संख्या लिहावी.

स्वाध्याय : नियमात ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ असते, तर वरील मिक्सरबाबत निर्णय काय झाला असता? सकारण लिहा.