जॅझ, दशावतार आणि आमचा फसलेला आयटम

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. तरी हा लेख इंग्लिश विभागाला न देता मुद्दाम इथे देतेय, कारण ज्यांच्यामुळे तो सुचला ते माझे काका इंग्लिश वाचत नाहीत.

गेल्या गॅदरिंगचा आमचा 'फ्यूजन' आयटम आठवतोय? (आठवत नसेल तर बरंच आहे!) दोन गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅडवर मी आणि पखवाजावर काका. काकांनी अर्धं आयुष्य दशावतारात पखवाज वाजवलाय. आम्ही त्यांना फक्त दोन दिवस आधी बोलावलं, कानात इयरफोन घातला आणि सांगितलं, "ही टकटक ऐकायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं." स्टेजवर तिसऱ्या मिनिटाला आम्ही एकीकडे आणि काका दुसरीकडे! शेवटी त्यांनी हात थांबवले आणि आमचं संपेपर्यंत गप्प बसून राहिले. समोर हशा झाला. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "गो, तुझां ह्यां मशीन श्वास घेणा नाय. मी घेतंय."

तेव्हा मला वाटलं, काकांना फ्यूजन जमलं नाही. मग सुट्टीत मालवणला बसून काही अल्बम नीट ऐकले आणि कळलं की फ्यूजन म्हणजे काय हे आम्हालाच माहीत नव्हतं.

आधी जॅझ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे हे समजायला एकदम सोपं आहे, कारण आपण दशावतार बघितलाय. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं, राजा कोण, राक्षस कोण एवढं ठरतं, संवाद मात्र नट रंगमंचावरच रचतात. जॅझमध्येही तसंच. सुरुवातीला सगळे मिळून एक ठरलेली धून वाजवतात. मग तिच्याच चौकटीत एकेक वादक आपल्या मनाचं वाजवतो आणि शेवटी सगळे मूळ धुनेवर परत येतात. बाकीच्यांचं काम काय? ऐकणं! दशावतारातला पखवाजवाला जसा नटाच्या पायांकडे आणि तोंडाकडे बघून वाजवतो, अगदी तसंच.

1960 च्या दशकाच्या अखेरीस या जॅझमध्ये इलेक्ट्रिक वाद्यं आणि रॉकचा ठेका आला. त्याला फ्यूजन म्हणू लागले. माइल्स डेव्हिसच्या 1969 च्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बममध्ये जॉन मॅकलॉफ्लिन गिटारवर आणि जो झाविनुल कीबोर्डवर होते. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. भारतीय संगीताशी गाठ त्याआधीच पडली होती. 1966 साली आलेल्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये जो हॅरियटच्या सॅक्सोफोनसोबत तबल्यावर होते केशव साठे!

आता आपल्या जवळचं नाव. ठुमरीच्या गायिका शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या, म्हणजे आंबोली घाट चढून गेलं की पलीकडच्याच. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू 1951 साली मुंबईत जन्मले. ते तबला आणि ड्रम्स एकत्र मांडून, गुडघे टेकून वाजवतात. 1988 च्या त्यांच्या 'उस्फ्रेट' अल्बममध्ये आईच गायल्यात. मला खरा धक्का तिथे बसला. आई आपल्याच ढंगात गातात, आणि ड्रम्स, बास गिटार वगैरे मंडळी त्यांना जागा करून देतात. कुणी त्यांना "या टकटकीबरोबर गा" असं सांगितलेलं वाटत नाही! 1993 च्या 'क्रेझी सेंट्स'मध्येही त्या आहेत, आणि पाहुणे कोण, तर पॅट मेथेनी आणि तोच जो झाविनुल.

इंजिनीअर लोकांसाठी एक गंमत. त्रिलोक गुर्टू वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि तिचा सूर खाली घसरतो. का? कंपनाची वारंवारता ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. झांज हलताना पाण्यालाही हलवते, म्हणजे तिचं वस्तुमान वाढल्यासारखंच होतं आणि वारंवारता उतरते. मेसचं स्टीलचं ताट वाजवून बादलीत बुडवा, लगेच पटेल. (रेक्टर सर झोपल्यावर नको.)

दुसरं उदाहरण 'शक्ती'चं. मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या या ग्रुपचा पहिला अल्बम 1976 साली आला. 1975 च्या एका कार्यक्रमाचं ते थेट रेकॉर्डिंग आहे. अलीकडचा 'धिस मोमेंट' 2023 साली आला आणि त्याला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यात गायलेले शंकर महादेवन आपल्यासारखेच इंजिनीअर, बरं का! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले, म्हणून तो ऐकताना जरा वेगळंच वाटतं.

पण यातली खरी गोष्ट पुढेच आहे. 'धिस मोमेंट' बनवताना ही मंडळी एका खोलीत बसली नव्हती. ज्याने त्याने आपल्या ठिकाणी रेकॉर्डिंग करून फाइल्स पाठवल्या. तरीही एकजीव वाटतं, कारण मॅकलॉफ्लिन आणि झाकीरभाई जवळजवळ पन्नास वर्षं एकमेकांना ऐकत आले होते आणि बाकीचेही त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं वाजवत होते. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. आम्ही काकांबरोबर दोन दिवससुद्धा धड बसलो नाही, त्यांचं ऐकलं तर मुळीच नाही. त्यांच्या पखवाजाला आम्ही शोभेची वस्तू केलं, आणि हशा मात्र त्यांच्या वाट्याला आला. त्याबद्दल सॉरी म्हणायला मला इतके महिने लागले.

परवा फोन केला. म्हटलं, यंदा इयरफोन नाही, तालीम तुमच्या पडवीत, ठेका तुम्ही धरायचा. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ये. पण पयलां आयक, मगे वाजय."

असो. या सुट्टीत यातला एक तरी अल्बम ऐका, आणि त्याच आठवड्यात जवळपासच्या जत्रेत दशावतार असेल तर तोही बघा. अल्बमची यादी हवी असेल तर मला मेसमध्ये भेटा. ताट मात्र आपापलं आणा!