गोणी किती जड आणि किती लांब?

वाशीच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रक खाली होताना जरा थांबून पाहावं. वरचे दोघे आकडा लावून गोणी फाळक्याच्या कडेपर्यंत ओढतात. खाली उभा असलेला माथाडी पाठ फिरवून किंचित वाकतो आणि गोणी त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या जरा खाली, नेमकी येऊन बसते. मग छोटी, भराभर पावलं टाकत तो गाळ्यात शिरतो. गोणी जमिनीवरून हातांनी उचलणं या सगळ्यात जवळपास नाहीच. ही रीत टोळीत एकमेकांचं पाहून शिकलेली असते, पण तिच्यामागचं यंत्रशास्त्र पक्कं आहे.

वाकून ओझं उचलताना कमरेच्या खालच्या मणक्यांमधली चकती टेकूचं काम करते. टेकूच्या पुढे ओझं आणि मागे ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू, अशी ही तरफ. अडचण अशी की हे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. ५० किलोची गोणी टेकूपासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर नुसती ती तोलायला स्नायूंना ३३० ते ४०० किलो वजनाइतकी ओढ लावावी लागते. ही ओढ, गोणीचं वजन आणि वाकलेल्या धडाचा भार असं सगळं मिळून त्या चकतीला दाबतं. तीच गोणी २० सेंटिमीटरवर, पोटाशी धरली की ओढ निम्मी होते. पाठीवर घेतली की ओझं टेकूच्या जवळजवळ वरच येतं. दाब तिथेही असतो आणि दिवसभर साचत जातो, पण तरफेचा मार टळतो.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र याच अंतरावर उभं आहे. सगळं काही अनुकूल असेल, म्हणजे ओझं शरीराजवळ, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर, कंबर न पिळता आणि अधूनमधूनच उचलायचं असेल, तर मर्यादा २३ किलो. हात घोट्यांच्या रेषेपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर पुढे गेले की ती साडेअकरा किलोवर येते. आपल्याकडे साखरेची गोणी ५० किलोची. १०० किलोची पोती वाहिलेली पिढी तर अजून हयात आहे.

त्यात कामाची वेळही आडवी येते. चकतीला प्रौढ वयात जवळपास रक्तपुरवठा नसतो. ती आजूबाजूच्या द्रवातून पोषण घेते. रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगते आणि दिवसभराच्या भाराने पुन्हा दबते. त्यामुळेच माणूस सकाळी एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो. झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात, चकती अशी टम्म असताना, वाकलं तर तिच्यावर ताण जास्त येतो. बाजारातली गाडी मात्र बहुधा पहाटेच लागलेली असते.

‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ अशी चित्रं गोदामांच्या भिंतींवर हमखास दिसतात. सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्याने भागत नाही. कोक्रेन या संस्थेने २०११ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उचलण्याचं नुसतं प्रशिक्षण देऊन कामगारांची पाठदुखी टळते असं आढळलं नाही. मला यात नवल वाटत नाही. थप्पीची तळाची गोणी जमिनीला टेकलेली आणि पुढे दुसरी थप्पी असेल, तर गुडघे वाकवायला जागाच कुठे असते? माणसाला वाकायला शिकवण्याआधी माल कंबरेच्या उंचीवर आणायला हवा. त्यासाठी फार खर्चही लागत नाही. रिकाम्या पॅलेट एकावर एक रचून त्यावर थर लावला की तळाची गोणी वर येते. वरच्या टोकाला थप्पी खांद्याच्या उंचीवर थांबवायची. प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या तागाच्या पोत्यांपेक्षा जास्त घसरतात, म्हणून थर आडवे-उभे एकमेकांत बांधायचे आणि मधली गोणी कधीही खेचून काढायची नाही.

फोर्कलिफ्टलाही हाच नियम लागू आहे. तिथे पुढची चाकं टेकू असतात आणि मागे लोखंडी प्रतिभार असतो. किती वजन किती अंतरावर चालेल, हे गाडीवर ठोकलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. माल काट्यांवर पुढे सरकला की क्षमता घटते आणि चालक ती पट्टी वाचून ‘नाही’ म्हणू शकतो. माथाडीच्या पाठीवर अशी पट्टी नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीची नोंद, भविष्य निर्वाह निधी, उपचार असं बरंच मिळवून दिलं. गोणीच्या वजनाचा वाद मात्र बाजारात आजही पेटतो. ५० किलोच्या वरची गोणी उचलणार नाही, ही माथाडींची मागणी शास्त्राच्या हिशेबाने तर फारच मवाळ आहे.

गोणी लहान केली की प्रश्न सुटला, असंही नाही. २५ किलोच्या गोण्या केल्या तर खेपा दुप्पट होतात. मजुरी नगावर असेल तर घाई वाढते, वजनावर असेल तर कामगार एकदम दोन उचलतो. म्हणून वजन आणि मजुरीचा दर एकाच बैठकीत ठरायला हवेत. दुसरी वाट उलटी आहे: माल टनभराच्या जम्बो बॅगेत भरायचा, म्हणजे तो माणसाने उचलण्याचा प्रश्नच येत नाही. खत-सिमेंटला ते जमतं. अरुंद गाळ्यांतल्या कांद्याला नाही. तिथे फाळक्यापासून थप्पीपर्यंत जाणारा सरकता पट्टा हवा.