गठ्ठा बांधणारी आज्ञावली आणि तो सोडण्यापूर्वीची खबरदारी

दहा-बारा फायली एकदम पाठवायच्या असल्या की आज आपण त्यांची झिप फाईल करतो. बटण दाबले की काम झाले. तथापि अनेक फायलींची एक फाईल होते आणि पलीकडे पुन्हा अनेक होतात, हे घडते कसे? ते समजून घेण्यासाठी सहा-सात ओळींची एक जुनी आज्ञावली फार उपयोगी आहे. संगणक शिकणाऱ्याने ती एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहून पाहावी.

ही आज्ञावली युनिक्स प्रणालीतील आहे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत या प्रणालीचे काम सुरू केले. आपण दिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारा जो भाग तिच्यात असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. ब्रायन कर्निघन व रॉब पाईक यांच्या १९८४ सालच्या ‘द युनिक्स प्रोग्रामिंग एन्व्हायर्नमेंट’ या पुस्तकात ‘बंडल’ नावाची अशीच एक छोटी स्क्रिप्ट आहे. त्या काळी संगणकावरील टपालातून साधा मजकूरच जात असे. म्हणून अनेक फायलींचा मिळून एकच मजकूर करण्याची गरज होती.

फायली नुसत्या एकीखाली एक चिकटवल्या, तर पहिली कुठे संपली हे कळणार नाही. म्हणून ही स्क्रिप्ट प्रत्येक फायलीच्या आधी एक आज्ञा व शेवटी एक खूण लिहिते. समजा, ‘पत्र’ व ‘यादी’ अशा दोन फायली आहेत. त्यांचा गठ्ठा असा दिसेल (आज्ञा रोमन लिपीत द्यायच्या असतात, येथे वाचनासाठी देवनागरीत लिहिल्या आहेत):

कॅट > पत्र << 'पत्र संपले'
(पत्राचा सारा मजकूर)
पत्र संपले
कॅट > यादी << 'यादी संपली'
(यादीचा सारा मजकूर)
यादी संपली

पहिल्या ओळीचा अर्थ असा : ‘पत्र संपले’ ही ओळ येईपर्यंतचा खालचा मजकूर ‘पत्र’ नावाच्या फायलीत उतरव. म्हणजे गठ्ठा हीच एक स्क्रिप्ट झाली. ती शेलला वाचायला दिली की तो एकेक फाईल पुन्हा तयार करतो. घेणाऱ्याकडे वेगळे साधन लागत नाही, शेल असला की पुरे. गठ्ठा सोडण्याची रीत गठ्ठ्यातच बांधलेली असते, हीच यातली गंमत.

आता बांधणारी स्क्रिप्ट लिहिणे सोपे आहे. ‘फॉर’ या शब्दाने दिलेल्या नावांची फेरी सुरू करावी. प्रत्येक नावासाठी तीन कामे : ‘इको’ने वरची आज्ञा छापणे, ‘कॅट’ने फायलीतील मजकूर छापणे, पुन्हा ‘इको’ने शेवटची खूण छापणे. ‘डन’ या शब्दाने फेरी संपते. जे छापले जाईल ते एका नव्या फायलीत वळवले की गठ्ठा तयार.

यात दोन बारकावे आहेत. खुणेभोवतीची अवतरणचिन्हे गाळली, तर शेल मजकुरातील डॉलरचे चिन्ह स्वतःसाठी आहे असे समजतो. मग ‘$१००’ असे इंग्रजी अंकांत लिहिलेल्या रकमेतून चिन्ह आणि एक हे दोन्ही जातात व नुसती दोन शून्ये उरतात! दुसरा बारकावा अधिक गंभीर आहे. पत्राच्या मजकुरातच ‘पत्र संपले’ अशी स्वतंत्र ओळ असली, तर शेल तेथेच थांबतो आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून पार पाडू लागतो. यावर उपाय म्हणून ‘शार’ या साधनात मजकुराच्या ओळीआधी ‘एक्स’ हे अक्षर लावून ठेवतात व सोडताना काढतात. मग मजकुरातील ओळ आणि खूण यांची गल्लत होत नाही.

यावरूनच मुख्य गोष्ट ध्यानात यावी. असा गठ्ठा सोडणे म्हणजे परक्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर पाळणे होय. त्यात कोणी ‘सर्व फायली पुसून टाक’ अशी एक ओळ घातली असेल, तर शेल तीही निमूटपणे पाळील. बंडल घेताना समोरचा बंडल तर मारत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. बँकेत शंभर नोटांच्या गड्डीवर पट्टी असते, पट्टीवर सही असते, तरीही घेणारा ती मोजून घेतो. त्यात अविश्वास नसतो, ती कामाची शिस्त असते.

ही खबरदारी जुनी झालेली नाही. लिनक्सवर अनेक आज्ञावल्या आजही शेल स्क्रिप्टच्या रूपाने मिळतात, आणि ‘ही एक ओळ उतरवा आणि चालवा’ अशा सूचना इंटरनेटवर जागोजागी असतात. म्हणून तीन नियम पाळावेत. आलेली स्क्रिप्ट आधी उघडून वाचावी. ती मजकूरच असल्यामुळे वाचता येते. गठ्ठा रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावा, नाहीतर त्याच नावाची आपली जुनी फाईल न विचारता पुसली जाते. आणि संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार घेऊन तो कधीही सोडू नये.

जो स्वतः गठ्ठा बांधायला शिकतो, त्याला दुसऱ्याचा गठ्ठा वाचता येतो. या सहा-सात ओळी शिकण्याचा खरा लाभ हाच आहे.