केळफूल काळं का पडतं आणि लोहाची गोळी चहासोबत का नको

मैत्रिणींनो, लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की पातं काळं पडतं. चिरलेलं केळफूल आपण ताकात भिजत घालतो. सासूबाईंनी शिकवलं म्हणून घालतो. का, ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

हा सगळा टॅनिनचा खेळ. कीड लागू नये, गुरांनी खाऊ नये म्हणून झाडं साल, पानं, कच्ची फळं यांत हा तुरट पदार्थ साठवतात. टॅनिक आम्ल हा त्यातलाच एक प्रकार. त्याच्या मधोमध ग्लुकोज साखर असते आणि तिला चहूबाजूंनी गॅलिक आम्ल चिकटलेलं असतं. हिरडा आणि आवळा यांतलं टॅनिन या कुळातलं. खैराच्या कातातलं आणि चहातलं दुसऱ्या कुळातलं. त्यात मधली साखर नसते. (कात करणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं.)

कूळ कोणतंही असो, सवय एकच: प्रथिनाला चिकटायचं आणि लोहाला धरून ठेवायचं. लाळेतल्या प्रथिनाला चिकटतं तेव्हा तोंड तुरट होतं. ताकातल्या प्रथिनाला चिकटतं, म्हणून केळफुलाचा तुरटपणा उतरतो. लोखंडाला धरतं, तेव्हा काळा रंग येतो.

या गुणाचा आपल्या किनाऱ्यावर उपयोगही झाला. नायलॉन येण्याआधी कोळी लोक सुती जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. वेसावे, गोराईकडच्या जुन्या माणसांना विचारून बघा. ऐन आणि खैर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आजही आहेत, पण तिथली साल काढायची नाही हं!

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आहे. गोळ्या मिळतात, पण बैठकीत चहा आला की त्याच घोटाबरोबर गोळी गिळली जाते. मग पोटात विळीसारखंच होतं: चहातलं टॅनिन लोहाला धरतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. दूध घातलं म्हणून सुटका नाही, उलट दुधातलं कॅल्शियमही आड येतं.

खात्री करायची असेल तर कोऱ्या चहात गंजका खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा शाईसारखा काळा दिसेल. तो ओतून टाका, चुकूनही पिऊ नका.

गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि गोळी यांत निदान एक-दोन तास जाऊ द्या. जेवणानंतरचा चहाही तासभर पुढे ढकला. आवळा चालेल का, असं हमखास विचारलं जातं. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे तसं टॅनिनही आहे, म्हणून गोळीसोबत लिंबूच बरं.